आधी सांगा, ट्रक कुठे उभा आहे

ट्रक बंद पडल्याचा फोन येतो तेव्हा समोरचा माणूस थेट बिघाडावर येतो. सेल्फ फिरतो पण इंजिन धरत नाही. हवा बनत नाही. मागच्या जोडीतला टायर फुटला. मी त्याला मध्येच तोडतो आणि विचारतो, गाडी उभी कुठे आहे? पूर्ण कडेला, की अर्धी लेनमध्ये? वळणावर, चढावर, की पुलावर? मागून येणाऱ्याला ती किती लांबून दिसते? काही ड्रायव्हरना याचा राग येतो. त्यांना वाटतं, याला यायचं नाही म्हणून हा सबबी शोधतोय. पण मी व्हॅनमधून पाना काढणार आहे, की आधी पोलिसांना आणि क्रेनला फोन लावणार आहे, ते या उत्तरांवर ठरतं.

मी फिरता मेकॅनिक, जड गाड्यांचा. शहराला वळसा घालून जाणारे, गोदामं, कंटेनर यार्ड आणि कारखाने जोडणारे जे रस्ते असतात, तिथे माझं काम चालतं. लोकांना वाटतं, ट्रकचे खरे हाल लांब पल्ल्याच्या हायवेवर होतात. माझा अनुभव उलटा आहे. हायवेवरचा ट्रक एका वेगात, गरम इंजिनावर, तासन्‌तास पळतो आणि यंत्राला ते मानवतं. उपनगरातला ट्रक थोडं इकडे, थोडं तिकडे असा दिवसभर फिरतो. सिग्नलला थांबतो, गोदामाच्या गेटवर इंजिन चालू ठेवून रांगेत उभा राहतो, एक ट्रेलर सोडतो, दुसरा जोडतो. त्याची दुखणी वेगळी असतात आणि ती मीटरवरच्या किलोमीटरमध्ये दिसत नाहीत. सर्व्हिस मात्र किलोमीटर बघून ठरवलेली असते. निम्मी गोम तिथेच आहे.

पत्त्याचं आधी संपवतो. हल्ली सगळे मोबाइलवरून लोकेशन पाठवतात आणि सुटलो असं समजतात. नकाशावरचा ठिपका रस्ता दाखवतो, पण गाडी रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहे हे सांगत नाही. दुभाजक असलेल्या रस्त्यावर चुकीच्या बाजूने पोहोचलो तर ट्रक समोर दिसतो, ड्रायव्हर हात करतो, आणि मला पुढच्या वळणापर्यंत जाऊन परत यावं लागतं. उड्डाणपूल असेल तर आणखी घोळ, कारण पुलावरचा ट्रक आणि पुलाखालचा ट्रक, दोघांचा ठिपका एकच. म्हणून मी विचारतो, तोंड कुठल्या दिशेला आहे, मागे शेवटचा फाटा कोणता गेला, जवळच्या दिव्याच्या खांबावर काही नंबर आहे का. खांबाचा नंबर ही फार उपयोगाची गोष्ट आहे आणि तो कोणी वाचत नाही.

मग मागून येणाऱ्यांना सावध करणारा लाल त्रिकोण. प्रत्येक देशाचा नियम वेगळा, अंतरं वेगळी, पण गणित सगळीकडे एकच आहे. ताशी ६० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरहून जास्त जाते. म्हणजे त्रिकोण ट्रकच्या मागे ३० मीटरवर ठेवला, तर मागच्या ड्रायव्हरच्या हातात त्रिकोणापासून ट्रकपर्यंत दोन सेकंदसुद्धा नाहीत. ताशी ८० असेल तर दीड सेकंदाच्याही आत खेळ. मी पोहोचतो तेव्हा बहुतेक वेळा त्रिकोण गाडीच्या बंपरला टेकवून ठेवलेला असतो. तो असून नसल्यासारखाच. वळणाच्या पुढे गाडी बंद पडली असेल तर त्रिकोण वळणाच्या अलीकडे हवा, मग ते अंतर कितीही होवो. आणि ड्रायव्हरने कॅबिनमध्ये बसून राहायचं नाही. कठड्यापलीकडे, गाडीपासून दूर, येणाऱ्या वाहतुकीकडे तोंड करून उभं राहायचं. ट्रक आणि कठडा यांच्या फटीत तर अजिबात नाही. मागून धडक बसली तर ट्रक तिकडेच सरकतो.

आता हवा. उपनगरी रस्त्यांवर मला सगळ्यात जास्त बोलावणी हवेच्या ब्रेकची येतात. ज्यांचा या गाड्यांशी संबंध नाही त्यांना गंमत वाटते, पण जड गाडीत हवा पार्किंग ब्रेक लावत नाही, सोडते. मागच्या ब्रेक चेंबरमध्ये एक जाडजूड स्प्रिंग दाबून बसवलेली असते. टाकीत हवा आहे तोवर ती दाबलेली राहते. हवा गेली की स्प्रिंग सुटते आणि चाक धरते. जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८६९ मध्ये रेल्वेसाठी हवेच्या ब्रेकचं पेटंट घेतलं तेव्हा हवा ब्रेक लावायचं काम करायची. पाइप फुटला तर ब्रेक गेले. तीनेक वर्षांत त्याने डाव उलटा केला: पाइपमधली हवा कमी झाली की ब्रेक आपोआप लागतील अशी रचना केली. ट्रकमधली स्प्रिंग ही वेगळी युक्ती आहे, पण विचार तोच. बिघाड झाला तर गाडी थांबली पाहिजे, सुटता कामा नये.

म्हणून ‘गाडी जाम झाली’ असं कोणी सांगितलं की मी विचारतो, हवेचा काटा कितीवर आहे? भरलेली टाकी १२० पीएसआयच्या आसपास असते, म्हणजे ८ बार, काही गाड्यांत जास्त. साधारण ६० च्या खाली गेलं की बझर वाजतो आणि लाल दिवा लागतो. आणखी खाली गेलं की स्प्रिंगा आपणच धरायला लागतात. काटा वर आहे आणि तरी चाक धरलंय, तर दुखणं एका चाकाशी आहे. काटा वर चढतच नाही, तर गळती किंवा कॉम्प्रेसर. काटा चढतो पण ब्रेक दाबला की झरकन उतरतो, तर ब्रेक चेंबरमधला फाटलेला रबरी पडदा, म्हणजे डायफ्रॅम, शोधायचा. एवढं फोनवर कळलं तर मी व्हॅनमध्ये काय भरायचं ते घरातूनच ठरवून निघतो.

ट्रेलर जोडायच्या-सोडायच्या धंद्यात घोडा, म्हणजे पुढची इंजिनाची गाडी, आणि ट्रेलर यांच्यामधल्या हवेच्या नळ्या फार सोसतात. दिवसातून कितीदा ओढल्या जातात, तेल लागतं, वळणावर चेसिसला घासतात, कपलिंगमधलं रबरी वायसर चपटं होतं. लाल नळी म्हणजे ट्रेलरला हवा पुरवणारी. ती सुटली किंवा फाटली की ट्रेलरचे ब्रेक लागतात. बऱ्याचदा अख्खा ट्रक चौकात अडकलेला असतो आणि कारण निघतं नखाएवढं रबर. ते वायसर ड्रायव्हरने खिशात ठेवावं अशी वस्तू आहे. बदलायला स्क्रूड्रायव्हर लागतो, बस. मी सांगतो तेव्हा सगळे माना डोलावतात, आणि पुढच्या खेपेला पुन्हा माझीच व्हॅन बोलावतात.

स्प्रिंग हाताने सोडवायची वेळ येते तेव्हा मात्र मी फोनवर शिकवत बसत नाही. चेंबरच्या मागे एक लांब बोल्ट घालून, फिरवून, आवळून स्प्रिंग दाबून धरता येते आणि जाम झालेलं चाक मोकळं होतं. युक्ती सोपी आहे म्हणूनच घातकी. एक तर चाकांना ठोकळे लावलेले नसतील तर चाक मोकळं होताच गाडी निघते, कारण तुम्ही नुकताच तिचा पार्किंग ब्रेक काढून टाकलेला असतो. दुसरं, चेंबरचा पट्टा कोणी पान्याने खोलायला गेला तर आतल्या स्प्रिंगचा शेकडो किलोंचा जोर एका क्षणात बाहेर येतो. त्या पट्ट्याला रस्त्यावर हात लावायचाच नाही, अख्खा चेंबर बदलायचा. बोल्ट लावून मोकळी केलेली गाडी ही बाजूला घेण्यापुरती. त्यावर माल पोहोचवायचा आग्रह धरणारे मालक मी पाहिलेत. अशा वेळी मी बोल्ट परत काढतो आणि व्हॅन वळवतो.

ऑटोमॅटिक स्लॅक ॲडजस्टरबद्दलही हेच. नावातच ऑटोमॅटिक आहे, चाकाजवळचा हा दांडा ब्रेकचा लायनर झिजेल तसा स्वतः आवळत जातो. तरी ब्रेक ढिला पडला की लोक त्याला पाना लावून हाताने आवळतात. ब्रेक लगेच कडक लागतो, सगळे खूश. पण तो स्वतः का आवळला नाही, हा प्रश्न तसाच राहतो. बुश गेलंय, पिन अडकलीय की तो स्लॅकच मेलाय? थोड्याच दिवसांत पुन्हा ढिला, आणि या वेळी उतारावर.

टायरचं बोलणं सगळेच करतात, म्हणून मी फक्त जोडटायरचं सांगतो. मागे दोन टायर जोडीने असतात. आतल्याची हवा कमी झाली तर बाहेरचा भार उचलतो आणि वरून काहीच दिसत नाही. उपनगरात फुटपाथच्या कडेला घासून, अरुंद गेटमधून वळून, बाहेरच्या टायरची कूस, म्हणजे बाजूची भिंत, कापलेली असते, म्हणजे दोघंही आजारी. टायरच्या धंद्यात एक नियम आहे: ठरलेल्या हवेच्या ८० टक्क्यांखाली जो टायर भार घेऊन चालला, तो पंक्चर होऊन चालला असंच धरायचं. त्याच्या कुशीतल्या पोलादी तारा वाकून वाकून थकलेल्या असू शकतात. त्यात पुन्हा १०० पीएसआय भरायला गेलात की एकेक तार तुटत जाते आणि अख्खी कूस चेन उघडावी तशी फाटते. माणूस जवळ असेल तर वाचत नाही. त्यामुळे ‘नुसती हवा भरून द्या, पुढे बघू’ या विनंतीला माझं उत्तर ठरलेलं आहे. टायर उतरवणार, आतून बघणार, आणि भरताना लोखंडी पिंजऱ्यात ठेवून, लांब नळी आणि व्हॉल्व्हला धरून बसणारा क्लिपचा चक लावून, स्वतः बाजूला उभा राहणार. वेळ लागतो. लागू दे.

जॅक लावताना रस्त्याची कड बघा. डांबर संपून जिथे मुरूम सुरू होतो तिथे जॅक हमखास खचतो. माझ्याकडे जाड लाकडी फळी आणि लोखंडी प्लेट दोन्ही असतात. गाडी भरलेली, कड उतरती, आणि बाजूने बस गेली की ट्रक हलतो, हे अंगावर घेतल्याशिवाय पटत नाही. वाहतुकीच्या बाजूचं चाक बदलायचं असेल आणि मागे आडवी लावायला दुसरी मोठी गाडी नसेल, तर मी ते चाक तिथे बदलत नाही. ट्रक अगदी हळू, टायर वाया गेला तरी चालेल, पुढच्या रुंद जागेपर्यंत नेतो. टायर नवा मिळतो.

बॅटरीचा घोळ तर खास आपल्या या थांबत-थांबत धंद्याचा. बहुतेक देशांत जड ट्रक २४ व्होल्टवर चालतात, १२-१२ च्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या. उत्तर अमेरिकेत १२ वरच चालतात. लिफ्टगेटवाली, म्हणजे मागे मालाची लिफ्ट असलेली, गाडी दिवसभर माल चढवते-उतरवते, लिफ्ट बॅटरीतून करंट ओढते, मध्ये गाडी पाच मिनिटं चालते, तेवढ्यात काय भरणार? संध्याकाळी सेल्फ नुसता टकटक करतो. पण त्याहून डोकं खाणारी गोष्ट वेगळी आहे. कोणी तरी टेप, कॅमेरा किंवा चार्जर बसवताना १२ व्होल्ट हवेत म्हणून दोनपैकी एकाच बॅटरीवरून वायर घेतो. मग एक बॅटरी रोज थोडी रिकामी होते आणि दुसरी गरजेपेक्षा जास्त भरली जाते. काही महिन्यांत दोन्ही जातात, आणि दोष दुकानदाराला. मी मीटर दोन्ही बॅटऱ्यांवर वेगवेगळा लावतो. आरामात बसलेली चांगली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. एक १२.७ आणि दुसरी ११.८ असेल तर मी आधी कॅबिनमधली ती चोरटी वायर शोधतो. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर बसवा, महाग नाही. आणि १२ च्या गाडीला २४ च्या ट्रकवरून जम्प देऊ नका, कंट्रोल युनिटं जळतात.

नव्या गाड्यांनी आणखी एक काम आणलंय: सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर. हायवेवर धूर पुरेसा गरम राहतो आणि काजळी चालता चालता जळत जाते. उपनगरात तो थंडच राहतो. मग गाडी स्वतः जादा डिझेल टाकून फिल्टर ६०० अंश सेल्सियसच्या आसपास तापवते. नेमकं त्याच वेळी ड्रायव्हर गोदामाच्या गेटवर पोहोचतो आणि चावी काढतो. असं वारंवार झालं की काजळी साचते, दिवा लागतो, आणि शेवटी गाडी ओढच घेत नाही. ड्रायव्हर म्हणतो, गाडी बिघडली. गाडी काही बिघडलेली नसते, तिला काम पूर्ण करू दिलेलं नसतं. मी स्कॅनर लावून उभ्या गाडीत ते करून देतो, पण जागा बघून. सायलेन्सरच्या तोंडाशी सुकं गवत, ताडपत्री किंवा दुसरी गाडी नको. आणि काजळी एका हद्दीपुढे गेली असेल तर उभ्या गाडीत जाळायची नाही, फिल्टर काढूनच साफ करायचा. धूर साफ करणाऱ्या युरियाच्या टाकीत पाणी घालणारे महाभाग वेगळेच. त्या द्रावणात युरिया ३२.५ टक्केच असावा लागतो, सेन्सर लगेच ओळखतो आणि गाडी हळूहळू ताकद कापते. चुकून डिझेल गेलं असेल तर चावीसुद्धा फिरवू नका, मला फोन करा.

गरम झालेल्या इंजिनाबद्दल एकच सांगतो. रेडिएटरचं झाकण दाब धरून ठेवतं म्हणून आतलं पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडलं की दाब गेला आणि सगळं एकदम वाफ होऊन तोंडावर. थांबा. तोवर रेडिएटरच्या समोर प्लॅस्टिकची पिशवी चिकटलीय का ते बघा, शहरालगत ते कारण बरेचदा निघतं.

जुन्या मिस्त्र्यांकडून आलेली एक सवय मला मोडून काढावी लागते, विशेषतः माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांमध्ये. पूर्वी डिझेलच्या लाइनने हवा धरली की इंजेक्टरचे पाइप ढिले करून, सेल्फ मारून हवा काढायचे. त्या गाड्यांना ते चालायचं. आता कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या एकाच नळीत, दाब दीड-दोन हजार बारपर्यंत जातो. तिथे पाइप ढिला करायचा नाही आणि गळती बोटाने चाचपायची नाही. सुईसारखी बारीक धार कातडीतून आत शिरते, वरून नुसता ठिपका दिसतो, आणि हात गमवायची वेळ येते. हवा काढायची ती फिल्टरवरच्या हँडपंपाने, सावकाश. पोरांना वाटतं, म्हातारा घाबरट झालाय.

ओढून न्यायची वेळ आली तर प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा, आधी काढायचा. इंजिन बंद असताना मागची चाकं फिरली की गिअरबॉक्सचा मागचा भाग फिरतो, पण त्याला तेल पोहोचवणारा भाग फिरत नाही. थोड्याच अंतरात बेरिंग कोरडी पडून भाजतात. क्रेनवाल्याला घाई असते, चार बोल्ट काढायचा त्याला कंटाळा येतो, आणि क्लचचं काम असलेल्या गाडीला गिअरबॉक्सचं काम लागतं.

फोनवर ऑफिसमधून येणारा पहिला प्रश्न ‘किती वेळ लागेल?’ हाच. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना मी तोंडावर सांगतो, गाडी बघितल्याशिवाय नाही सांगणार. त्यांची अडचण मला कळते. गोदामाची वेळ ठरलेली असते, ती चुकली की ट्रक रांगेच्या शेवटी. पण त्या दडपणाखाली ड्रायव्हर चाकाच्या मधल्या भागातून, म्हणजे हबमधून, वास येत असताना गाडी दामटतो. हबच्या सीलमधून तेल गळतंय, चाकाच्या आतल्या बाजूला काळा ओघळ आहे, हात जवळ नेला तरी चटका जाणवतो, एवढं दिसलं की ती गाडी तिथून चालत जाणार नाही, ओढत जाणार. बेरिंग गेलं की अख्खं चाक निखळून वाहतुकीत पळतं. यावर घासाघीस नाही.

चाक बदलून झालं की निघण्यापूर्वीचं काम नटांचं. एअर गन नट बसवते, पण किती आवळला ते सांगत नाही. जड गाडीच्या २२ मिलिमीटर बोल्टला साधारण ६०० ते ७०० न्यूटन-मीटर लागतात, तेही गाडीच्या कंपनीने दिलेला आकडा बघूनच, आणि ते टॉर्कच्या पान्यानेच कळतं. डिस्क आणि हब यांच्यामधला गंज, रंग घासून काढला नाही तर तो थर दबतो आणि नट सैल पडतात. नव्याने बसवलेलं चाक म्हणून ८० ते १६० किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासून आवळायचं असतं. लांब पल्ल्याच्या गाडीला एवढं अंतर दोन तासांत होतं आणि ड्रायव्हरच्या लक्षात असतं. उपनगरातल्या गाडीला तेवढ्याला तीन-चार दिवस लागतात, मध्ये ड्रायव्हर बदलतो, आणि कोणीच आवळत नाही. म्हणून मी प्रत्येक नटावरून डिस्कवर पिवळ्या रंगाची रेघ ओढतो. रेघ तुटलेली दिसली म्हणजे नट फिरला, मग गाडी गेटबाहेर काढायची नाही. मीटरवरचा त्या वेळचा आकडा मी त्याच पिवळ्या रंगाने मडगार्डवर लिहितो आणि गाडीच्या चावीला चिठ्ठी बांधतो, कारण ऑफिसला पाठवलेला मेसेज ड्रायव्हरपर्यंत जात नाही.